दोन बोटं खाली आलेला दगड

बाभळीचे एकवीस टेकू, साल न काढलेले.

नारळाची करवंटी. काठोकाठ पाणी. जमिनीपासून बारा हात उंच.

एक पितळी ओळंबा, रोज चिंचेने घासलेला.

उपासनेत जिचा आवाज कधी कुणी ऐकला नाही, अशी एक बाई. तिची छिन्नी मात्र ओढ्यापलीकडच्या वस्तीवर ऐकू जायची.

पाच फुटी पहार. दोन वर्षं दारावरच्या खुंट्यांवर आडवी पडलेली.

दोन बोटं.

यांचा एकमेकांशी काय संबंध, असं बेलखडकात कुणालाही विचारा. तो सांगत बसणार नाही. तुमचा हात धरून प्रार्थनामंदिरात नेईल, मधोमध उभं करील आणि ऐटीत म्हणेल, "वर बघा."

वर बघायचंच आहे. पण आधी जरा खाली बघू.

शांतवनबाबा बेलखडकात आले ते पायी, खांद्यावर एक घोंगडी आणि हातात टाळ घेऊन. गावात ख्रिस्ती मंडळींची सतरा घरं होती, पण प्रार्थनेला छप्पर नव्हतं. उन्हाळ्यात चिंचेखाली बसायचं, पावसाळ्यात गोठ्यात. पहिल्याच रविवारी बाबांचं भजन रंगात आलं आणि मागून म्हशीने असा काही सूर धरला की मंडळी हसू दाबत राहिली. बाबाही हसले. मग म्हणाले, "प्रभू गोठ्यात जन्मला हे खरं. पण तुम्ही कायम गोठ्यातच राहा, असं तो म्हणाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मंदिर बांधू या."

कशाने बांधायचं? बाबांनी टेकडीकडे बोट केलं. काळा पाषाण लागेल तेवढा होता. कुणी वाळू आणली, कुणी चुना भाजला, कुणी बैल दिले. आणि बांधणार कोण, हा प्रश्न तर पडलाच नाही. शमुवेल मेस्त्री होते ना! मंडळीचे पंच, पाच नद्यांवर पूल उभारलेला माणूस. उपासनेत पहिल्या सतरंजीवर त्यांची जागा, आणि प्रार्थनेतही ओळंबा कमरेला. त्यांनी जमिनीवर काठीने रेघ मारली. "मधोमध एकच कमान. सोळा हात रुंद. सगळं छप्पर तिच्यावर. अशी कमान पंचक्रोशीत नाही, आणि माझ्यामागं होणार नाही."

दगड घडवायला मात्र गावात एकच माणूस उरलं होतं. यल्लव्वा.

यल्लव्वा खाणीवरची. नवरा तिम्मण्णा दगडाच्या शिरा नुसत्या तळव्याने ओळखायचा. दोघांनी एकाच दिवशी ओढ्यात बाप्तिस्मा घेतला होता. त्यानंतर पाचव्या महिन्यात न उडालेला सुरुंग बघायला तिम्मण्णा पुढे गेला आणि सुरुंग उडाला. खाणीवर नेलेलं काहीच परत आलं नाही. ना पागोटं, ना छिन्नी. पुढच्या वर्षी दगडाची कपची उडून यल्लव्वाचा डावा डोळा गेला. लोक यायचे, बसायचे आणि उठता उठता म्हणायचे, "नव्या देवानं तुला काय दिलं गं?" सकाळी पदर खोचून पुन्हा खाणीवर जायची.

बाबा एकदा तिथेच तिच्यापाशी येऊन बसले. बराच वेळ घाव मोजल्यासारखे ऐकत राहिले. मग म्हणाले, "यल्लव्वा, कमान उभी कशी राहते गं? खाली तर काहीच नसतं."

कुणी तिला काही विचारतंय याचंच तिला नवल वाटलं. "बाबा, त्यातला हरएक दगड पडायलाच बघतोय," ती म्हणाली. "पर शेजारचा त्याला पडू देत न्हाई. आन् शेजारच्याला त्याच्या शेजारचा. जेवढा भार पडंल, तेवढी मिठी घट्ट."

बाबांचे डोळे भरून आले. रविवारी त्यांनी तेवढ्या चार वाक्यांवर दीड तास निरूपण केलं. "मंडळी म्हणजे हीच! विश्वास म्हणजे हाच! भार आला म्हणून रडू नका, भारानेच मिठी घट्ट होते. आणि हे मला या बहिणीने शिकवलं." सगळ्यांनी वळून मागे बघितलं. यल्लव्वाने पदर चेहऱ्यावर ओढून घेतला. पहिल्या सतरंजीवर शमुवेल मेस्त्री ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

तेव्हापासून त्यांची जीभ सुटली. "एका डोळ्यानं घडवलेला दगड अर्धाच सरळ यायचा." "यल्लव्वे, निरूपण झालं असंल तर हा कोपरा बघ." लोक हसायचे. यल्लव्वा दगड फिरवून पुन्हा तासायची, आणि मेस्त्री ओळंबा लावून बघायचे तेव्हा चूक सापडायची नाही. न सापडलेली चूक माणसाला फार टोचते.

सत्तावीस दगड झाले. एकवीस टेकूंवर लाकडी साचा उभा राहिला, त्यावर दोन्हीकडून दगड चढत गेले, आणि शेवटी मधोमध, दोन्ही बाजूंना अडवून धरणारा कळीचा दगड बसला. आता चुना धरेपर्यंत एक महिना साच्याला हात लावायचा नाही. हा नियम मेस्त्रींनीच सगळ्यांना पाठ करून दिला होता.

आणि मोडलाही त्यांनीच. दहाव्या दिवशी हंगामाचा सण होता. पाच गावच्या मंडळ्या धान्याच्या टोपल्या घेऊन येणार होत्या. त्यांच्यासमोर टेकू काढावेत, कमान मोकळी उभी दिसावी आणि लोकांनी विचारावं, कुणाची ही कमान? मेस्त्रींच्या मनाने हे चित्र इतकं रंगवलं की चुना ओला आहे हे त्यांना दिसेनासं झालं.

"मेस्त्री, थोडं थांबा," बाबा म्हणाले.

"बाबा, आत्म्याचं तुम्ही बघा. चुन्याचं माझ्यावर सोडा."

सणाच्या सकाळी बाबा यल्लव्वाच्या दारात आले. वर खुंट्यांवर तिम्मण्णाची पहार होती.

"आज ती घेऊन ये."

यल्लव्वाचा चेहरा उतरला. "कशापायी, बाबा?"

"मला ठाऊक नाही. पहाटे प्रार्थनेत मनात आलं, एवढंच."

ती उंबऱ्यातच थांबली. दोन वर्षं दाबून ठेवलेलं बाहेर आलं. "बाबा, त्या दिवशीबी मी प्रार्थना केली हुती. सुरुंगाचा आवाज आला तवा माझे हात जोडलेलेच हुते."

बाबा तिच्या उंबऱ्यावर बसले. "तो का गेला, हे मला कळलेलं नाही, बाई. कळलंय असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. मला एवढंच ठाऊक आहे, की प्रभू त्या दिवशी लांब उभा राहून बघत नव्हता. तो तुझ्या तिम्मण्णाबरोबर सुरुंगाच्या त्या बाजूला होता."

यल्लव्वाने पाट ठेवला, त्यावर चढली आणि पहार काढली. लोखंड गार होतं.

मंदिरापाशी तोबा गर्दी. पहार घेतलेल्या यल्लव्वाला बघून मेस्त्री मोठ्याने म्हणाले, "कमान पाडायला आलीस की काय?" पाच गावं हसली.

गवंड्यांची एक रीत आहे. साचा उतरवताना कमानीच्या माथ्यावर काठोकाठ भरलेली करवंटी ठेवायची. कमान हलली तर पाणी सांडतं. आणि शेवटच्या टेकूखालची पाचर निघते तेव्हा बांधणाऱ्याने खाली उभं राहायचं. मेस्त्रींनी स्वतः वर चढून करवंटी ठेवली. उतरले, हात झटकले, आणि त्यांना काहीतरी सुचलं.

"रीतीनं मी खाली उभं राहायचं. पण दगड हिचे! आणि विश्वास तर हिचा एवढा की बाबा त्यावर निरूपण करतात. यल्लव्वे, तूच उभी राहा. होऊ दे पाच गावांना दर्शन!"

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने बाबांकडे बघितलं. पण उत्तर तिचं होतं.

तिने मान हलवली. "न्हाई. चुना ओला हाय, हे मला दिसतंय. दिसत असून खाली जाऊन देवाला पैजंला लावायचं? तो काय जत्रंतला पैलवान हाय?"

"संपला विश्वास!" मेस्त्री हसले. गर्दीतही खसखस पिकली. एक म्हातारी पुटपुटली, "डोळा गेला, आता धीरबी गेला." यल्लव्वा पहार कवटाळून उभी राहिली. तिची मान खाली गेली नाही. आपले सत्तावीसच्या सत्तावीस दगड सरळ आहेत, हे तिला ठाऊक होतं.

"मग बघा," म्हणत मेस्त्री आत शिरले.

घण बसू लागले. एकामागून एक टेकू निघाले. विसावा टेकू निघाला तेव्हा टाळ्या पडल्या. मेस्त्रींनी शेवटची पाचर ठोकली. ती सटकली, टेकू आडवा झाला, साचा खाली बसला, आणि त्यातली मधली तुळई कलंडून थेट मेस्त्रींच्या पायावर आली.

त्यांची किंकाळी विरते न विरते तोच वर आवाज झाला. दगडावर दगड घासल्याचा. झोपेत दात खाल्ल्यासारखा. सांध्यांतून ओला चुना गळू लागला आणि कळीचा दगड खाली सरकला. एक बोट.

लोक पळाले. टोपल्या उपड्या झाल्या, जोंधळा पसरला. "पडली! कमान पडली!" मघाशी टाळ्या वाजवणारा एकही हात आत गेला नाही. तुळईखालून मेस्त्री बघत होते. त्यांना हिशेब सांगायची गरज नव्हती. ओली कमान एकदा सरकली की थांबत नाही, हे त्यांनीच आयुष्यभर इतरांना शिकवलं होतं.

यल्लव्वा आत गेली.

दगड दोन बोटं खाली आला होता. ती वर न बघता वाकली, पडलेल्या पाचरेचा टेका केला, पहार तुळईखाली घातली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. तुळई हलली, पण उचलेना.

"जा यल्लव्वा!" मेस्त्री ओरडले. "जा गं बाई, मरशील!"

"गप बसा अन् पाय वढा."

तेवढ्यात बाबा दाराशी आले. त्यांनी आत धाव घेतली नाही, की आरडाओरडा केला नाही. ज्या खांबावरून कमान निघते त्याच्या दगडावर त्यांनी आपला हडकुळा तळवा ठेवला, डोळे मिटले आणि शेजारच्याशी बोलावं तसं म्हणाले, "प्रभो, शेजारच्याला सोडू नकोस."

आणि आवाज थांबला! रडणारं लेकरू आईचा हात लागताच थांबावं तसा थांबला. चुन्याचा थेंब पडेना. सोळा हातांची ती ओली कमान, जिने पडायचंच ठरवलं होतं, ती श्वास धरून उभी राहिली. यल्लव्वाने पुन्हा जोर केला. तुळई वीतभर उचलली गेली. मेस्त्री कोपरांवर सरपटत बाहेर आले. मग ती आली, पहार खांद्यावर, पावलं मोजत. घाई केली नाही. दगड आपण घडवलेत, तर त्यांच्याखालून पळायचं कशाला?

आता पडेल, मग पडेल, म्हणून लोक तासभर लांब उभे राहिले. कमान पडली नाही. शेवटी एका गवंड्याने बाहेरून शिडी लावली आणि करवंटी दोन्ही हातांत धरून खाली आणली.

पाणी काठोकाठ होतं. खालचा दगड दोन बोटं उतरला, तुळई कोसळली, पाच गावं धावली. आणि त्या पाण्याचा एक थेंब सांडला नव्हता.

करवंटी मेस्त्रींसमोर ठेवली. त्यांनी पाण्यात बघितलं. स्वतःचंच तोंड दिसलं असावं. त्यांनी कमरेचा पितळी ओळंबा सोडून यल्लव्वाच्या पायांशी ठेवला आणि कपाळ मातीला टेकलं.

ती दचकून मागे सरकली. "अवं उठा, मेस्त्री! पाय मोडलाय तुमचा अन् गुडघं कशाला टेकताय?"

"मोडला ते बरं झालं, यल्लाक्का," ते म्हणाले. "त्याशिवाय वाकला नसता."

बाबांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. त्या तळव्याचा चुना मेस्त्रींच्या फेट्याला लागला, तो त्यांनी कधी धुतला नाही.

परगावच्या एका पाहुण्याने मग तो प्रश्न विचारलाच. "मेस्त्री, ही कमान कुणाची म्हणायची?"

मेस्त्रींनी ओल्या डोळ्यांनी वर बघितलं. "दगड यल्लाक्काचे. सांभाळली प्रभूनं. घाई तेवढी माझी."

पुढे कुणीतरी कळीचा दगड वर ढकलून सारखा करू या म्हणालं. सगळ्यात आधी मेस्त्रींनीच हात आडवा केला. तो आजही तसाच आहे, शेजारच्या दगडांपेक्षा दोन बोटं खाली, आणि छप्पर त्याच्यावर आहे. बेलखडकात लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेला पहिल्या रविवारी त्याच्याखाली उभं करतात. मंदिरं सगळ्यांचीच सरळ असतात, आमचं सांभाळलेलं आहे, असं इथली माणसं छाती पुढे काढून सांगतात. बाबा असते तर या ऐटीवर हसले असते, पण रागावले नसते.

तिम्मण्णा शेवटचा खाणीवर गेला, त्या सकाळी तो पहार घरी विसरला होता.