डोंगरमाथ्यावरचा नगारा

एका राज्यात डोंगरमाथ्यावर एक नगारा होता, आणि तो वाजवायला कोणी लागत नसे. हद्दीत लांडग्याचे पाऊल पडले की तो आपोआप घुमे, आणि ज्याच्या कानी पडे त्याचा हात हत्याराकडे जाई. राणी मेघवतीच्या धाकट्या भावाला लांडग्याने उचलून नेले, तेव्हा तिच्या वडिलांनी दिसेल तो लांडगा मारायचा हुकूम काढला होता आणि हा नगारा एका मांत्रिकाकडून करवून घेतला होता. राज्यातले लांडगे संपले. मग हरणे इतकी माजली की नदीकाठी रोप टिकेना, काठ ढासळले, पाणी आटत चालले.

कित्येक वर्षांनी एका सकाळी नगारा पुन्हा घुमला. परमुलखातून एक गाभण लांडगीण आली होती. राणीचा हात कट्यारीवर गेला, तोच सज्जावर टिटवी उतरली.

"ही मेली तर नदीही मेली," टिटवी म्हणाली. "जिचं नुकसान झालं, ज्याचा मान वाढला आणि जिच्या मनात भय आहे, अशा तिघांनी आपखुशीनं हत्यार ठेवलं तरच नगारा फुटेल. सूर्य मावळायच्या आत."

राणी आधी साळुबाई धनगरणीकडे गेली. पहाटेच लांडगिणीने तिचे कोकरू नेले होते. राणीने भरपाईचे आणि राखणीच्या कुत्र्यांचे वचन दिले. साळुबाईने कुऱ्हाड सोडली नाही.

"वचनं पुष्कळ ऐकली, राणीसाहेब. आत्ता द्या."

राजकळपातून कोकरू आणि कुत्री येईपर्यंत ऊन कलले. राणी सारखी डोंगराकडे बघत होती. कोकरू हाती आले, तेव्हाच कुऱ्हाड खाली गेली.

शिकाऱ्यांचा नाईक रणोजी तोवर लांडगीण दडली होती त्या गुहेच्या वाटेला लागला होता. राणीने त्याला अर्ध्या चढणीवर गाठले. आज किती वर्षांनी लोकांनी मुजरा केला, असे तो म्हणाला. राणीने त्याला लांडग्यांचा राखणदार नेमले. जो लांडगा माणसावर धावेल किंवा वारंवार कळपात शिरेल, त्याचा निवाडा रणोजीने करायचा. बाकीच्यांना कोणी हात लावायचा नाही. रणोजीने एकदा गुहेकडे पाहिले. मग त्याने धनुष्य खाली ठेवले.

गुहेत राणी एकटी शिरली. लांडगिणीने दात विचकले. राणीला भावाची किंकाळी आठवली आणि कट्यार म्यानातून अर्धी बाहेर आली. बाहेर ऊन तांबूस झाले होते.

"त्याला नेणारी तू नव्हेस," राणी म्हणाली, आणि तिने कट्यार जमिनीवर ठेवली.

माथ्यावर नगारा उभा फाटला.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात वडिलांचा हुकूम रद्द झाला आणि रणोजीला दिलेला शब्द राज्याचा कायदा झाला. पुढच्या वर्षी नदीकाठी वाळुंजाची झाडे पुन्हा फुटली. साळुबाई कळप पुन्हा पाण्यावर नेऊ लागली. कुत्री पुढे, आणि तिची नजर मात्र डोंगराकडे.