काळा डॉलर

अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर जमवणारे आप्पासाहेब कोल्हापुरात मोठ्या तोऱ्यात वावरत. मथुराकाकूंकडे सासऱ्यांनी जपून ठेवलेला, दीडशे वर्षांचा डॉलर आहे असं कळताच ते घरी हजर झाले. काकू देवाची उपकरणी घासत बसल्या होत्या.

डॉलर पाहून आप्पासाहेबांनी नाक मुरडलं. "शी! किती काळा पडलाय! तुमच्याकडे बघून पाचशे देतो." पण नाणं काही हातातून सुटेना.

काकूंनी ते हळूच काढून घेतलं. "खरंच हो, असं काळं कसं द्यायचं?" म्हणत रांगोळीची चिमूट उचलली. "थांबा, लख्ख करून देते."

"अहो, नका!" आप्पासाहेब किंचाळले. "घासलंत तर लाखाची वस्तू मातीमोल होईल!"

काकूंनी चिमूट वाटीत सोडली.

"बरं, नाही घासत. बसा, लाखापासून बोलू. चहा टाकते."