वस्तादांच्या उशाशी

नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात फार पूर्वी एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्या ओसरीवर रोज दिवेलागणीला काही माणसे जमत. मद्याने त्यांचे संसार धुळीला मिळवले होते आणि आता ती मद्य सोडू पाहत होती. तिथे उपदेश चालत नसे. प्रत्येकाने आपला दिवस कसा गेला ते सांगायचे, इतरांनी ऐकायचे आणि उद्या पुन्हा यायचे, एवढाच तिथला रिवाज.

वैद्यांपाशी एक शिष्य होता. दूरच्या विद्यापीठात शास्त्र शिकून आलेला, मदात्ययाची, म्हणजे मद्यविकाराची, सारी लक्षणे मुखोद्गत असलेला. बुद्धीने तल्लख आणि मनाने प्रामाणिक. पण ओसरीवरचे ते मौन त्याला सोसत नसे. कुणी बोलता बोलता रडू लागला की याच्या ओठांवर एखादे सुवचन येई आणि गुरूंची नजर पडताच तो ते गिळून टाकी.

ओसरीवर बसणाऱ्यांचा मोठा आधार म्हणजे हैबती वस्ताद. गावाच्या तालमीत त्यांनी दोन पिढ्या घडवल्या होत्या. कधीकाळी दारूने त्यांना गटारात लोळवले होते, पण पुढे बरीच वर्षे त्यांनी थेंबाला स्पर्श केला नव्हता. नवा माणूस आला की वस्ताद त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "घाबरू नकोस गड्या, मी उठलो तर तूही उठशील." त्या थापेने माणसे उठतही.

नागपंचमीच्या कुस्त्यांत वस्तादांच्या पठ्ठ्याने मोठी कुस्ती मारली. मिरवणूक निघाली, गुलाल उधळला, आणि कुणीतरी प्रेमाने म्हणाले, "वस्ताद, आज तरी!" वस्तादांनी पेला हातात घेतला.

त्यानंतर ते ओसरीवर आले नाहीत. दोनदा निरोप गेला, दोनदा वैद्य स्वतः गेले; वस्तादांनी दार उघडले नाही. पावसाळा सरला तेव्हा त्यांची पत्नी सगुणाबाई वैद्यांकडे आली. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच ती म्हणाली, "खाटेला खिळलेत. पोट फुगलंय, डोळे हळदीसारखे पिवळे झालेत. आता दारही तेच उघडायला सांगतात."

वैद्य शिष्याला घेऊन गेले. नाडी पाहिली, पोटावर हात ठेवला. जलोदर पुरता भरला होता. या माणसाचे आता थोडेच दिवस उरले आहेत, हे गुरूंना कळले होते आणि शिष्यालाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्याने काढा उकळून तयार केला. आजाऱ्याजवळ बसायला आपणच जायचे, असे त्याने गृहीत धरले होते. पण वैद्य म्हणाले, "तू नको जाऊस. मोरशेट जातील."

शिष्याला वाटले आपण चुकीचे ऐकले.

मोरशेट सोनार ओसरीवर अगदी नवा होता. जडावाच्या कामात एके काळी त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पुढे त्या हातांना असा कंप सुटला की चिमट्यात खडा धरवेना. गिऱ्हाइके गेली. भावांनी दुकानाच्या किल्ल्या काढून घेतल्या. बायको मुलांना घेऊन माहेरी निघून गेली. गाव त्याला 'थरथऱ्या' म्हणे. मोरशेट ही हाक आता फक्त वैद्यांच्या ओसरीवर उरली होती. दारू सोडून त्याला पंधरवडाही झाला नव्हता. आपली पाळी आली की तो मान खाली घालून एवढेच म्हणे, "आज घेतली नाही," आणि गप्प होई.

"गुरुजी," शिष्य कळवळून म्हणाला, "आजारी माणसाकडे आपण आजारी माणूसच पाठवता आहात! शिवाय वस्ताद दारू मागतील. हा तर स्वतःच काठावर उभा आहे."

"म्हणूनच," वैद्य म्हणाले.

मोरशेटही गांगरला. "मी? वैद्यबाबा, मला औषधपाण्यातलं काय कळतंय? माझ्या हातात वाटीसुद्धा ठरत नाही."

"तुम्हाला काही कळायची गरज नाही, मोरशेट. नुसते जाऊन बसा. जमेल तशी पेज पाजा. संध्याकाळी इथे येऊन वस्ताद कसे आहेत ते आम्हाला सांगा. सर्वांना काळजी आहे."

मोरशेट गेला. त्या संध्याकाळी आपली पाळी आल्यावर तो म्हणाला, "आज घेतली नाही." थोडे थांबून पुढे म्हणाला, "वस्तादांनी दोन घोट पेज घेतली. जास्त सांडलीच." ओसरीवर कुणीतरी हसले, आणि मोरशेटने पहिल्यांदाच मान वर केली.

तो रोज जाऊ लागला. शिष्याच्या मनातली शंका मात्र जाईना. एके दुपारी तो वाकडी वाट करून वस्तादांच्या दाराशी गेला. आत मोरशेट वाकून पेज पाजत होता. वाटी दातांवर खडखड वाजत होती आणि पेजेचा ओघळ वस्तादांच्या छातीवर उतरत होता.

"अरे शेट," वस्ताद क्षीण आवाजात म्हणत होते, "दागिना सांधताना डाग असाच देत होतास काय? गिऱ्हाइकं पळाली यात नवल नाही." मग दम घेऊन त्यांनी विचारले, "सकाळी जेवलास का?"

"नाही."

"मग आधी जेव. सगुणा, याला भाकरी वाढ. उपाशी पोटी तलफ मोठी होते. मला विचार."

शिष्य पाऊल न वाजवता परतला. जे पाहिले त्याचा अर्थ त्याला नीटसा लागला नाही.

पुढे एक संध्याकाळ अशी आली की मोरशेटची जागा रिकामी राहिली. एकेकाचे बोलून झाले. अंधार पडू लागला. वैद्य रस्त्याकडे पाहत बसले होते. अखेर शिष्य कडवटपणे पुटपुटला, "मी सांगितले होते," आणि उठून चालू लागला. गुरूंनी त्याला थांबवले नाही.

वस्तादांचे दार अर्धवट लोटलेले होते. शिष्याने आत पाहिले आणि तो दारातच थांबला. मोरशेट खाटेपाशी उभा होता. त्याच्या हातात दारूची बाटली होती, भरलेली. भिंतीशी सगुणाबाई तोंडाला पदर लावून बसली होती.

"दे इकडं," वस्ताद म्हणत होते. "मी सांगितलं म्हणूनच आणलीस ना? मरायला टेकलेल्या माणसाचं आता काय बिघडायचंय? एक घोट दे, शेट. आतून नुसती आग आग होतेय."

मोरशेट हलला नाही. तो वस्तादांकडे पाहत नव्हता. त्याची दृष्टी बाटलीवर होती, आणि एरवी कंप पावणारे ते हात त्या क्षणी विलक्षण स्थिर झाले होते.

वस्ताद एकाएकी गप्प झाले. कितीतरी वेळ ते मोरशेटच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी अगदी वेगळ्या आवाजात विचारले, "तू घेतलीस?"

"अजून नाही."

"अजून!" वस्ताद कोपरावर रेटा देऊन उठू लागले. सगुणाबाई धावली, तशी तिला त्यांनी हातानेच थांबवले. "शेट, माझ्याकडं बघ. बाटलीकडं नको, माझ्याकडं. हे पोट बघ. हे डोळे बघ. बघितलंस? आता मोरीशी जा आणि ओत ती."

"पण तुम्हाला..."

"मला पाहिजेच आहे रे! जीव तुटतोय माझा तिच्यासाठी. म्हणून म्हणतो, लवकर ओत."

मोरशेट मोरीशी गेला आणि त्याने बाटली उपडी केली. खोलीभर तो उग्र वास पसरला. वस्तादांनी तोंड भिंतीकडे फिरवले आणि लहान मूल रडते तसे ते हमसून हमसून रडू लागले. बाटली रिती झाल्यावर मोरशेट त्यांच्या उशाशी येऊन बसला. शिष्याला आत जावेसे वाटले, काहीतरी बोलावेसे वाटले. पण त्या खोलीत त्याच्या कोणत्याही शब्दाला जागा नव्हती.

त्याच आठवड्यात वस्ताद वारले. अंत्ययात्रेला तालमीतले सगळे पठ्ठे आले. तिरडीला खांदा देणाऱ्यांत मोरशेटही होता. पठ्ठ्यांच्या रुंद खांद्यांपुढे तो काडीसारखा दिसत होता, पण नदीपर्यंत त्याने खांदा बदलू दिला नाही.

घाटावरून परतताना शिष्याचा संयम सुटला.

"गुरुजी, क्षमा करा, पण विचारल्यावाचून राहवत नाही. आपण वस्तादांना वाचवण्याचा यत्न केला नाहीत. एका माणसाच्या मरणाचे औषध करून ते आपण दुसऱ्याला पाजलेत."

वैद्य चालता चालता थांबले. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा फार थकलेले दिसत होते.

"वस्तादांचा देह औषधाच्या पलीकडे गेला होता," ते म्हणाले. "तुला ते ठाऊक होते, मला होते, त्यांनाही होते. पंचमीनंतर त्यांच्या दाराशी जो तो गेला, तो काहीतरी द्यायलाच गेला. कुणी उपदेश दिला, कुणी दूषण दिले. मीही गेलो तो दयाच घेऊन गेलो. म्हणून त्यांनी दार उघडले नाही. आयुष्यभर दुसऱ्याला उठवणाऱ्या माणसाला इतरांकडून नुसते घेत पडून राहणे मरणाहून जड जाते. त्यांना गरज होती ती ज्याला त्यांची गरज आहे अशा माणसाची."

"आणि मोरशेट?"

"मोरशेटच्या हातातून सगळ्यांनी काही ना काही काढून घेतले. हत्यारे, किल्ल्या, लेकरे. काढून घेण्यात त्यांची चूक होती असे मी म्हणत नाही. पण त्या हातात पुन्हा काही ठेवण्याचे धैर्य कुणाला झाले नाही. मी एक माणूस ठेवला."

शिष्याने हळूच विचारले, "त्या संध्याकाळी त्याने दारू घेतली असती तर?"

"तर आज मी दोघांच्या राखेपाशी बसलो असतो आणि दोन्हींचा दोष माझा असता." वैद्य म्हणाले. "तुला वाटते मला खात्री होती? रोज संध्याकाळी तो रस्त्यावर दिसेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नसे. पण पुन्हा पडेल या भयाने ज्याच्यावर काहीच सोपवले जात नाही, तो माणूस पडूनच राहतो. हे भय आपण वाहायचे असते, बाळ. औषध तर कुणीही उकळू शकतो."

वस्तादांचे तेरावे झाले त्या संध्याकाळी ओसरीवर दिवा लागला. माणसे आली. मोरशेटही आला. त्याच्या बायकोचा अजून निरोप नव्हता आणि हातांचा कंपही गेला नव्हता. बोलण्याला सुरुवात होणार, तोच अंगणात पावले वाजली. सगुणाबाई होती. या खेपेस ती उंबऱ्याबाहेर थांबली नाही.

"मी जन्मात एक थेंब चाखला नाही," ती सर्वांकडे पाहत म्हणाली. "पण माझंही सगळं त्या दारूनंच नेलं. मला बसायला जागा आहे का इथं?"

ओसरीवर आजवर कधी स्त्री बसली नव्हती. सगळ्यांनी वैद्यांकडे पाहिले. वैद्यांची नजर मात्र जमिनीवर होती. शिष्याने क्षणभर वाट पाहिली आणि मग त्याला कळले की उत्तर आपल्यावर सोपवलेले आहे. तो उठला. आपली जागा त्याने झटकून तिला दिली आणि स्वतः पायरीवर जाऊन बसला.

सगुणाबाई बोलू लागली. ती वस्तादांविषयी बोलली नाही. लग्नाआधी आपण जात्यावर ओव्या म्हणत असू आणि या घरात आल्यावर आपला आवाज कुठे गेला ते आपल्याला आठवत नाही, असे काहीतरी ती अडखळत, मध्येच थांबत सांगत राहिली. शिष्याच्या मनात एकही सुवचन आले नाही. गुडघ्यांवर हात ठेवून, अंधारात, तो ऐकत होता.