बिरोबाच्या माळाचा होकार

"भंडाऱ्यासमोर प्रश्न विचारायचा नसतो, पोरी."

ओव्या शिकवायला घेतलं, त्या दिवशी सिद्धाप्पा महाराजांनी मायाक्काला पहिलं हेच बजावलं होतं. आज तिनं तरीही विचारलं होतं.

"मेंढरं कुठं चरायची, महाराज?"

बिरोबाच्या देवळापुढं वाडीतली वडीलधारी मंडळी बसली होती. देवाचा सगळा माळ सौरऊर्जेच्या कंपनीला द्यायचं घाटत होतं. रीत जुनी. घरटी एकानं देवाच्या हळदीचा भंडारा मुठीत उचलून, शपथेवर होकार द्यायचा. एक घर जरी अडलं, तरी माळ देता येत नसे. मायाक्काचे आईबाप मेंढरं घेऊन कोकणात उतरलेले. म्हणून भंडाऱ्याचं ताट तिच्यापुढं आलं.

"सूर्य कुणाचा गं?" महाराजांनी हसून विचारलं.

"सगळ्यांचा."

"मग त्याच्या शेतीला आडकाठी कशाला?"

"सूर्याला नाही, महाराज. तारेच्या कुंपणाला."

"कॉलेजात घातली अन् जीभ हातभर झाली," तिचा चुलता धुळाआण्णा म्हणाला. हशा पिकला.

"आण्णा, तुम्ही मेंढरं विकून मोकळे झालात. आमची अजून चालतात." ती महाराजांकडं वळली. "कळप घाटाखाली असतानाच बैठक कशी काय बसली? ते परत येईस्तोवर सूर्य विझणार होता?"

"कंपनी थांबत नाही, पोरी. अन् मेंढरं आत चरू देतील. साहेबांनी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"मला."

मायाक्कानं ताट उचललं आणि महाराजांपुढं ठेवलं.

"मग उचला भंडारा. मेंढरं कुंपणाच्या आत चरतील, एवढंच म्हणा. तुमच्यामागं मी उचलते."

महाराजांचा हात पुढं आला. बोटं भंडाऱ्याला टेकली...

तिथंच राहिली.

याच हातानं तिच्या कपाळी पहिला भंडारा लावला होता. आज त्याची मूठ वळत नव्हती.



"मग आमच्या घरचा होकार नाही," ती म्हणाली. "मी उचलणार नाही."

देवळापुढच्या लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

महाराजांनी हात मागं घेतला, धोतराला पुसला.

"वारं सुटलंय," ते म्हणाले. "भंडारा झाका."