मथूची मोठ्या भोकांची चाळण

खाडीकाठच्या कुडाच्या घरात मथू आणि तिची आई, दोघीच राहत. ओहोटी लागली की दोघी वाळू चाळून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचत. त्या विकून चूल पेटे.

पूर्वी टोपली तासाभरात भरायची. मग शहरातून टेम्पो येऊ लागला. लहान-मोठं सगळं विकत घेऊ लागला. गावाने चाळणींची भोकं बारीक केली. नखाएवढी पिल्लंसुद्धा विकली. वाळू रिकामी झाली. पाणी गाळून स्वच्छ ठेवणाऱ्या तिसऱ्याच गेल्या, म्हणून खाडी गढूळ झाली. बगळे निघून गेले.

"मी शहरात कोळंबी सोलायला जाते," आई म्हणाली. "तू शेजारच्या येसूकाकीकडे राहा."

मथू रडली नाही. चाळण घेऊन खाडीत उतरली. दिवसभरात एकच तिसरी मिळाली. इवलीशी, जांभळ्या रेघांची.

"तू अजून बाळ आहेस गं," म्हणत तिने ती वाळूत परत ठेवली.

वाळू चमचमली. शिंपली उघडली. आत अंगठ्याएवढी परी! पंख मोतिया, गुलाबी, निळसर. केसांत फेसाचे चिमुकले थेंब.

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण मागशील ते साऱ्या गावाला मिळेल. आणि परत घेता येणार नाही."

'भरलेली टोपली' मथूच्या अगदी ओठांवर आलं. पण साऱ्या गावाच्या टोपल्या भरल्या, तर खाडीत उरणार काय?

"सगळ्या चाळणींची भोकं मोठी कर. पिल्लं खाली पडू देत."

"वेडे, तूही उपाशी राहशील."

"राहीन."

दुसऱ्या दिवशी गावात एकच गलका. येसूकाकी चाळण विणी, भोक पुन्हा मोठं होई.

"ज्याने केलं त्याला खेकडा चावो!" ती ओरडली.

"मीच केलं, काकी," मथू म्हणाली. आईकडे वळली. "आई, पावसाळा सरेपर्यंत थांब."

"तोवर थांबते. पुढे एक दिवस नाही."

दोघींनी नाचणीची पेज पिऊन दिवस काढले. पावसाळा सरला. आईने कपड्यांची पिशवी बांधली. मथूने तिला हाताला धरून खाडीवर ओढत नेलं.

पाणी इतकं निवळ की पायाची बोटं दिसत होती. पांढरेशुभ्र बगळे रांगेने उभे. आणि वाळूत तिसऱ्याच तिसऱ्या, टपोऱ्या, जांभळ्या!

टोपली भरली. येसूकाकीची भरली. साऱ्या गावाच्या भरल्या, तरी तिसऱ्या संपेनात.

"कार्टे, जिंकलीस गं!" काकी ओरडली.

लाटेवर मोतिया उजेड फाकला. त्यात परीने हात हलवला आणि ती उजेडात विरून गेली.

आईने पिशवीची गाठ सोडली. कपडे खडकावर ओतले.

"बघतेस काय?" ती म्हणाली. "ही पण भर."