चावडीतला बाप

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आज कोणालाच आठवत नाही. पण त्याच्या राज्यातल्या एका पाटलाची आठवण मात्र लोकांनी जपून ठेवली आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला एक तळं होतं आणि त्या तळ्याच्या जिवावर सगळी शेती. गावचा पाटील न्यायाला पक्का. भांडण कोणाचंही असो, तो दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा आणि मगच तोंड उघडायचा. चोर म्हणून धरून आणलेल्या माणसालाही तो आधी पाणी द्यायचा आणि म्हणायचा, “सावकाश सांग.”

पाटलाला एकच मुलगी होती. तिचं नाव भिवरा, वय अकरा वर्षं. बापलेकीचं मोठं गूळपीठ. संध्याकाळी पाटील चावडीतून घरी आला, की ती ओट्यावर वाट बघत बसलेली असायची. आज कोण भांडलं, कोण खोटं बोललं, मग तुम्ही काय केलंत, सगळं तिला ऐकायचं असायचं. पाटीलही सगळं सांगायचा. कधी कधी तर एखाद्या अवघड तंट्यात तिचं मत विचारायचा.

थंडीचे दिवस होते. शेतांत कांद्याची रोपं नुकतीच लावून झाली होती. एके सकाळी तळ्याच्या मोरीची फळी निसटली. ही फळी काढली, की तळ्याचं पाणी पाटात सुटायचं आणि बसवली, की थांबायचं. त्या दिवशी पाणी असं काही सुटलं, की तिघांची रोपं मातीसकट वाहून गेली. फळी कोणी काढली, याची चौकशी सुरू झाली. धुणं धुवायला गेलेल्या एका बाईनं सांगितलं, की पाटलाची भिवरा नखशिखांत भिजलेली, मोरीकडून येताना आपण डोळ्यांनी पाहिली.

चावडी भरली. भिवराला समोर उभं केलं. सगळे पाटलाच्या तोंडाकडे बघत होते, आणि पाटलाच्या मनात एकच घोळत होतं: आज मी जरा जरी सैल पडलो, तरी उद्या लोक म्हणतील, दुसऱ्याच्या पोराला शिक्षा आणि स्वतःच्या पोरीला माफी.

“बाबा, मी तर...” भिवरानं बोलायला सुरुवात केली.

“चावडीत मी कोणाचा बाबा नाही,” पाटील म्हणाला. “इथं मी पाटील आहे.”

भिवरा गप्प झाली. पाटलानं निवाडा दिला. कांदा निघेपर्यंत, म्हणजे चार महिने, तिनं रोज सकाळी त्या तिघांच्या घरी दोन दोन घागरी पाणी भरायचं. ज्यांची रोपं गेली होती तेच म्हणाले, की पाटील, लेकरू आहे, आठ दिवस पुरे. पाटलानं ऐकलं नाही. दुसऱ्याच्या मुलीला त्यानं आठच दिवस सांगितले असते, हे त्यालाही कळत होतं.

गावानं तोंडात बोट घातलं. न्याय असावा तर असा, असं जो तो म्हणू लागला. बाजाराच्या दिवशी ही बातमी शेजारच्या गावात गेली, तिथून पुढे गेली आणि जात जात राजाच्या कानावर पडली.

पाटलाच्या घरात मात्र एक गोष्ट बदलली. त्याच संध्याकाळी भिवरा दाराशी येऊन म्हणाली, “पाटील, जेवायला वाढलंय.”

पाटलाला वाटलं, पोर रुसली आहे, दोन दिवसांत विसरेल. पण ती रुसली नव्हती. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. गाव ज्या अदबीनं त्याला पाटील म्हणायचं, त्याच अदबीनं ती म्हणायची. उजाडलं की घागर घेऊन निघायची, पाणी भरायची, घरी येऊन आईला हातभार लावायची. ओट्यावर बसून वाट बघणं तिनं सोडून दिलं. एकदा पाटलीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, की तुम्ही एकदा तिला नीट विचारा तरी. पाटील म्हणाला, निवाडा झाला, आता काय विचारायचं?

असे तीन महिने गेले. मग राजाचा निरोप आला, की अशा न्यायी माणसाला आम्ही बारा गावांचा न्यायाधीश नेमणार आहोत. आमचा कारभारी शालजोडी घेऊन येतो आहे.

कारभारी येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी हैबती नावाचा म्हातारा काठी टेकत पाटलाच्या दारात आला. तळ्याचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं काम गावात त्याच्याकडे होतं. तो पाटलासमोर बसला आणि रडायलाच लागला.

हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. त्याची नजर अधू झाली होती. त्या सकाळी फळी त्याच्याच हातून वाकडी बसली आणि तो घराकडे वळल्यावर ती निसटली. भिवरा तिथून चालली होती. तिनं पाणी सुटलेलं पाहिलं, हाका मारल्या आणि कोणी येईना म्हणून स्वतः त्या गार पाण्यात उतरली. हैबती परत येईपर्यंत ती फळीला पाठ लावून उभी होती. ती उभी राहिली म्हणून तिघांचीच रोपं गेली, नाहीतर सगळ्या गावाची गेली असती. हैबतीनं तिला सांगितलं होतं, की बाळ, तू घरी जा, पाटलाला मीच सांगतो. पण काम जाईल या भीतीनं त्याची जीभ उचलली नाही. उद्या तुमचा सन्मान होणार आणि पोर तशीच पाणी वाहणार, हे मात्र मला बघवेना, असं तो म्हणाला.

पाटील तसाच उठून परसात गेला. भिवरा तिथं शेंगा निवडत बसली होती.

“मोरीपाशी काय झालं होतं, ते तू मला का सांगितलं नाहीस?” त्यानं विचारलं.

भिवरानं थोडा विचार केला. “चावडीत बाबांना सांगणार होते,” ती म्हणाली. “पण तिथं बाबा नव्हते. आणि नंतर कोणी विचारलं नाही.”

पाटील तडक चावडीकडे गेला.

त्यानं गावातल्या चार वडीलधाऱ्यांना बोलावून सगळं सांगितलं आणि उद्या भरल्या चावडीत लेकीची क्षमा मागणार म्हणाला. ते म्हणाले, की झालं ते झालं, उरलेली शिक्षा माफ करा, पोरीला चांदीचे पैंजण करा, घरातल्या घरात मिटवा. उद्या राजाचा माणूस येतोय. बापानंच लेकरापुढे हात जोडले, तर गावातलं कोणतं पोर बापाचं ऐकेल? पाटलानं त्यांचं बोलणं नेहमीसारखं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, “चूक चार भिंतींत झाली असती तर चार भिंतींत मिटवली असती.”

दुसऱ्या दिवशी चावडीत पाय ठेवायला जागा नव्हती. कारभारी शालजोडी घेऊन बसला होता. पाटील आला, पण आपल्या बैठकीवर बसला नाही. आरोपी जिथं उभे राहतात तिथं जाऊन तो उभा राहिला. त्यानं भिवराला समोर बोलावलं आणि त्या सकाळी काय घडलं ते सांग म्हणाला. ती अडखळत बोलत होती. पाटलानं तिला मध्ये एकदाही तोडलं नाही. तिचं सांगून झाल्यावर हैबती आपणहून उभा राहिला आणि हे सगळं खरं आहे म्हणाला.

“भिवरा,” पाटील म्हणाला, “सगळ्या गावाच्या लेकरांना मी आधी विचारतो. तुला विचारलं नाही. मला माझ्या नावाची काळजी पडली होती, तुझी नाही. मी चुकलो. मला क्षमा कर.”

आणि भरल्या चावडीत त्यानं लेकीपुढे हात जोडले. भिवरा त्याच्याकडे बघत राहिली. मग आईजवळ जाऊन बसली.

पाटलानं स्वतःचा निवाडा स्वतःच दिला. लेकीनं तीन महिने पाणी भरलं, तेवढेच दिवस आता आपण भरणार. म्हाताऱ्या हैबतीला मात्र त्यानं शिक्षा केली नाही. ज्याला दिसत नाही त्याच्या हाती मोरी ठेवली, ही सगळ्या गावाची चूक आहे, असं तो म्हणाला. कारभाऱ्यानं शालजोडी पुन्हा बासनात बांधली. हे राजाला सांगावं लागेल, असं तो म्हणाला. जरूर सांगा, म्हणाला पाटील.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पाटील घागर घेऊन निघाला. डोक्यावर एक तर पागोटं राहतं, नाहीतर चुंबळ. त्यानं पागोटं खुंटीला अडकवलं आणि फडक्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली. तळ्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पहिल्या दिवशी निम्मं पाणी अंगावर सांडलं. दुसऱ्या दिवशी घागर पडता पडता वाचली. तरी तो रोज जात राहिला.

आठव्या दिवशी भिवरा त्याच्यामागे तळ्यावर आली. थोडा वेळ लांबून बघत राहिली. मग जवळ येऊन म्हणाली, “खाली बसा जरा. चुंबळ सैल झालीये, बाबा. आणि चालताना मान हलवू नका.”

तिनं चुंबळ घट्ट वळून दिली, वर घागर ठेवली. पाटील उठून चालू लागला. घागरीतलं पाणी सांडलं नाही. डोळ्यांतलं मात्र त्याला आवरलं नाही.

पंधरा दिवसांनी कारभारी पुन्हा आला. राजानं सांगून पाठवलं होतं, की आपल्या लेकराला शिक्षा करणारे पुष्कळ पाहिले, पण आपला निवाडा चुकला असं भरल्या चावडीत म्हणणारा हा पहिलाच. तेव्हा न्यायाधीश हाच होईल. पाटील म्हणाला, राजाची आज्ञा शिरसावंद्य, पण पाणी भरण्याचे अजून सव्वादोन महिने उरलेत, ते संपल्यावर येईन. राजा थांबला.

वडीलधाऱ्यांना ज्याची भीती वाटली होती, तसं काही झालं नाही. झालं ते उलटंच. त्या गावातली पोरं आपल्या हातून काही फुटलं, सांडलं, बिघडलं, की लपवून ठेवेनाशी झाली. आपणहून बापाजवळ येऊन सांगू लागली. आणि बापही हात उगारण्याआधी खाली बसून विचारू लागले, “काय झालं, सावकाश सांग.”

म्हणून म्हणतात, लेकरापुढे आपली चूक कबूल केल्यानं बाप लहान होत नाही. लेकराच्या मनात त्याची जागा मोठी होते.