गिस्लाबाईचा बैल आणि अभयाचे रिंगण

कातालान मुलखातल्या एका डोंगरी परगण्यात सेर्राल्ता नावाचे खेडे होते. तिथे गावचे धर्मगुरू गालिंद महाराज नवे चर्च बांधीत होते. त्या काळी सरदारांच्या लढाया बारमाही! म्हणून रीत अशी होती की, चर्चभोवतीच्या रिंगणात जो शिरेल त्याला कोणी हात लावायचा नाही. त्याच्या गुराढोरांनाही नाही.

त्याच गावात गिस्लाबाई ही विधवा राहत असे. पडीक माळ जो कसेल त्याचा, असा तिथला रिवाज. एका बैलाच्या जोरावर या माउलीने खडकाळ तुकडा पिकता केला होता. बैल गेला की शेत ओसाड, आणि ओसाड शेत पुन्हा सरदाराचे! किल्लेदार सुन्येर लढाईसाठी गुरे ओढून नेतो आहे, हे कळताच तिने बैल रिंगणात आणून बांधला.

सुन्येर घोड्यावरून आला आणि खो खो हसला. "अगं बाई, बिशपांनी इथं अजून पवित्र पाणी शिंपडलेलं नाही. कसलं रिंगण नि कसलं काय! देवाला आमंत्रण तरी गेलंय का?"

गिस्लाबाईने बैलाच्या गळ्याला मिठी मारली आणि धावत आलेल्या गालिंद महाराजांकडे पाहिले. "महाराज, याच्याशिवाय माझं कोणी नाही हो!"

महाराज म्हणाले, "माय, देव का आमंत्रणाची वाट पाहतो?"

सुन्येरने उतरून दावे सोडले आणि बैल रिंगणाबाहेर ओढला. इतक्यात शत्रूचे स्वार टेकडीवरून दौडत आले. घोडा बिथरून पळाला, किल्लेदार एकटा पडला. गर्वाचे घर खाली, ते असे! त्याच्या तोंडचे पाणीच पळाले. तेव्हा गिस्लाबाईनेच त्याचा हात धरला. "दादा, आधी आत या!"

स्वारांचा नायक गरजला, "बिशप न आलेलं चर्च हे! ओढा त्याला बाहेर!"

महाराजांनी डोळे मिटून हात जोडले. आणि काय आश्चर्य! गवतात पडलेली नवी घंटा, जिला अजून लोलकही बसवला नव्हता, ती घणघणू लागली! स्वारांनी शिरस्त्राणे उतरवली आणि मुकाट्याने घोडे मागे वळवले.

सुन्येर म्हणाला, "महाराज, मी हिचं शेत बुडवायला आलो होतो. हिनं मला का वाचवलं?"

"तिलाच विचारा," महाराज म्हणाले.

गिस्लाबाई संकोचली. "रिंगण सगळ्यांचंच असतं ना, दादा?"

सुन्येरचे डोळे भरून आले. त्याने दावे तिच्या हाती दिले आणि तिच्या मातीने माखलेल्या पायांवर डोके ठेवले.